आमच्याकडचं ‘पीक’

मागच्या महिन्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एका मैत्रिणीने माझ्या गळ्यातला स्कार्फ दोन बोटांत धरला आणि विचारलं, ‘‘मस्त आहे गं! कुठून घेतलास?’’

या प्रश्नाची मी दीड वर्ष वाट बघत होते. मान जरा ताठ करून म्हटलं, ‘‘घेतला नाही. विणलाय.’’

‘‘अय्या, निटिंग?’’

‘‘नाही, मागावर.’’

आता ही आपल्या मराठीची गंमत बघा. दोन सुया घेऊन स्वेटर करा, ते विणणं. माग लावून कापड करा, तेही विणणंच. खाट? तीही विणलेलीच. त्यामुळे ‘मी विणते’ म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे थेट आजीचा बाळंतविडा उभा राहतो. असो. मैत्रिणीने स्कार्फ उलटसुलट करून पाहिला आणि बॉम्ब टाकला, ‘‘मला दे ना एक. पाचशे देते!’’

पाचशे! मी नुसतीच हसले. उत्तर सुचलं नाही असं नाही, पण ते कॅन्टीनमध्ये चहा संपेपर्यंत सांगून होण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे सांगते.

आधी सामान. माझा माग सोळा इंची आहे. न्यूझीलंडची अ‍ॅशफोर्ड नावाची कंपनी आहे, 1934 साली सुरू झालेली, चरखे आणि माग बनवणारी, तिचा. मांडीवर घेऊन टेबलाच्या कडेला टेकवला की झालं. वन रूम किचनमध्ये आरामात मावतो आणि रूममेट तक्रार करत नाही, कारण आवाजच नाही. सगळी जादू मधल्या एका प्लॅस्टिकच्या चौकटीत आहे. तिच्यात एक खाच, एक भोक, एक खाच, एक भोक अशी रांग असते. अर्धे उभे धागे भोकांतून, अर्धे खाचांतून. चौकट वर उचलली की भोकांतले धागे वर येतात, खाली दाबली की खाली जातात. मधे जी फट पडते तिच्यातून आडवा धागा सारायचा, त्याच चौकटीने तो मागच्या धाग्याला भिडवायचा, चौकट फिरवायची, परत सारायचा. संपलं. एवढंच. दोन वर्षं ऑफिसमध्ये नेमकं काय करते ते मी आईला समजावू शकलेले नाही. हे तिला दोन मिनिटांत समजलं.

आणि लोकर? तर मंडळी, मोज्यांची! परदेशात हौशी लोक हाताने मोजे विणतात, त्यांच्यासाठी खास बारीक लोकर निघते. साधारण तीन भाग मेरिनो लोकर आणि एक भाग नायलॉन. टाच आणि अंगठा लवकर फाटू नये म्हणून नायलॉन, आणि त्याच कारणासाठी पीळही घट्ट. शंभर ग्रॅमच्या लडीत चारशे मीटरच्या आसपास धागा. मोज्याची लोकर गळ्यात घालायची, हे ऐकून आईने नाक मुरडलं होतं. पण मागावर उभा धागा जे सोसतो ते फक्त मोज्याची टाचच सोसत असेल. सतत ताण, आणि शेकडो वेळा चौकटीचं घासणं. आपल्या दुकानांतली मऊ, फुगीर बेबी वूल मी आधी लावून पाहिली होती. ती ताणाखाली रबरासारखी लांबते, आणि माग सोडला की आखडते. स्कार्फ न होता अ‍ॅकॉर्डियन होतो!

हिशोबही फार सुंदर जमतो. आठ इंच रुंदी, इंचाला दहा धागे, म्हणजे ऐंशी उभे धागे. प्रत्येक 2.3 मीटरचा (त्यात दशा आल्या, आणि मागावर वाया जाणारा शेवटचा तुकडाही). झाले 184 मीटर. आडव्याला दीडशे धरा. एका लडीत एक स्कार्फ, वर साठेक मीटर शिल्लक.

या लोकरीची खरी मजा तिच्या रंगांत आहे. तिच्यात रंग आधीच टप्प्याटप्प्याने चढवलेले असतात, म्हणजे मोजा विणताना पट्टे आपोआप पडतात. पण ते गणित पायाच्या घेराचं! मोज्याच्या एका फेरीला पाऊण मीटरच्या आतबाहेर धागा लागतो; माझ्या स्कार्फच्या एका ओळीला जेमतेम वीतभर. त्यामुळे मोज्यावर बोटाएवढा दिसला असता तो पट्टा स्कार्फवर तिप्पट रुंद होतो. त्यात उभे धागेही त्याच लडीतले असले, तर दोन्हीकडचे रंग एकमेकांवर चढून असले चौकडे तयार होतात की डिझायनरने मुद्दाम ठरवून केले असते तरी जमले नसते. पुढच्या दहा ओळींत काय निघणार हे मलाही माहीत नसतं. दिवसभर रिक्वायरमेंट फ्रीझ करून आलेल्या मुलीला याचं काय सुख असतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको!

तर हा माग, दोन लडी आणि भरपूर फुशारकी घेऊन मी दिवाळीला घरी गेले. घर म्हणजे वारणानगर.

वारणानगर म्हटलं की पुण्यात लोक ‘श्रीखंड!’ म्हणतात. बरोबरच आहे. तात्यासाहेब कोरेंनी माळावर साखर कारखाना आणला, मग दूध संघ, बझार, शाळा-कॉलेजं, मुलांचा वाद्यवृंद, सगळं त्याच्यामागून आलं. 1998 मध्ये वायर्ड व्हिलेज प्रकल्पातून आजूबाजूच्या 70 गावांत कॉम्प्युटर पोचले, तेव्हा पुण्यातल्या माझ्या कित्येक मित्रांच्या घरी ते नव्हते. (हे मी ऑफिसात संधी मिळेल तिथे ऐकवते.) पण सूत, माग, विणकर? यातलं काही नाही. आमच्याकडे ‘पीक’ म्हणजे ऊस. दुसरा अर्थ नाही.

दुसरा अर्थ मला कळला तो मामांमुळे.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. वारणेपासून तासाभरावर इचलकरंजी. तिथे विठ्ठलराव दातारांनी 1904 साली पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे गल्लोगल्ली माग झाले. ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ वगैरे आपण शाळेत पाठ केलंय. मामांनी तिथे तीस-बत्तीस वर्षं माग चालवले. एकटा माणूस, एका वेळी चार-सहा माग, बारा तासांची पाळी, आठवड्याने दिवसपाळीची रात्रपाळी. आता ते कोडोलीत, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर राहतात. फोनवर ते ओरडून बोलतात. लहानपणी वाटायचं, मामा रागीट आहेत. ते रागीट नाहीत. मागांच्या खडखडाटात कान गेलेत.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी मी बाहेरच्या खोलीत माग मांडून बसले होते. मामा फराळाला आले, दारातच थांबले.

‘‘काय गं ह्ये?’’

‘‘माग आहे मामा, हातमाग.’’

‘‘ते कळालं. करतीस काय त्याच्यावर?’’

स्कार्फ म्हटल्यावर ते काही बोलले नाहीत. खुर्ची ओढून बसले. चौकटीकडे बोट करून म्हणाले, ‘‘वही आन् फणी एकच केलीया व्हय.’’ आणि मला पहिला धक्का बसला. मी यूट्यूबवर तीन संध्याकाळ घालवून जे समजून घेतलं होतं, ते त्यांनी दारातून चार पावलं येईपर्यंत ओळखलं होतं. यंत्रमागावर ही दोन कामं वेगवेगळी असतात. वही उभे धागे वर-खाली करते; फणी ते सारख्या अंतरावर धरते आणि आडवा धागा ठोकते. आणि हजारो धागे एकेक करून त्यांच्यातून ओवणारी माणसं वेगळी असतात. इचलकरंजीत त्यांना वहिफणी कामगारच म्हणतात. मी ऐंशी धागे ओवले तेव्हा इन्स्टावर स्टोरी टाकली होती!

मग मामांनी खिशातून चष्मा काढला. अंगठ्याचं नख विणलेल्या कापडावर टेकवलं आणि ओठ हलवत पुढे सरकवत नेलं.

‘‘धा. हितं नऊ. हितं बारा. परत नऊ.’’

‘‘काय मोजताय?’’

‘‘पीक.’’

इंचात बसणारे आडवे धागे, म्हणजे पीक. इंग्रजी शब्द, पण इचलकरंजीत तो मराठी होऊन बसलाय. कापडाची जात पिकावरून, आणि माग चालवणाऱ्याची मजुरीही पिकावर आणि मीटरवर. बावन्न पिकाचा दर अमुक, मग इतकं कापड निघालं की इतके पैसे. माग बंद राहिला, धागा तुटला, वीज गेली, तर पीक नाही आणि पैसेही नाहीत. शिवाय पीक कमी भरलं की माल तपासताना पैसे कापले जायचे, त्यामुळे नखानं मोजायची सवय लागलेली. ‘‘काच असायची मोजायला,’’ मामा म्हणाले, ‘‘पर नखाला कळतंय.’’

मी माझ्या आठ इंची कापडाकडे पाहिलं. नऊ-बारा-नऊ. जिथे ऑफिसचा कॉल चालू ठेवून विणलं होतं तिथे बारा, जिथे मूड छान होता तिथे नऊ. माझा सगळा आठवडा त्यात उतरला होता आणि मामांनी तो नखाने वाचला.

दुसरी चूक त्यांनी न मोजता सांगितली. कापड सुरुवातीला आठ इंच होतं आणि वर जाता जाता सव्वासात झालं होतं. ‘‘काठ आत यायलाय बघ. धागा वढू नगंस. सैल सोड.’’ आडवा धागा सरळ ताणून घातला की तो उभ्या धाग्यांना वर-खाली वळसे घालताना कमी पडतो आणि दोन्ही काठ आत खेचतो. तो फटीत डोंगरासारखा तिरका, सैल ठेवायचा आणि मग ठोकायचा. यंत्रमागावर दोन्ही काठांना दातेरी चकत्या कापड ताणून धरतात. माझ्याकडे तसं काही नाही, सगळं बोटांवर. पुस्तकात हे मी वाचलं होतं हो! पण वाचलेलं आणि ‘वढू नगंस’, यात फरक आहे.

आईने चिवडा आणला. मामांनी तो खाल्ला नाही. म्हणाले, ‘‘दे जरा.’’

सुरुवातीला त्यांना जमलं नाही, हे मी प्रामाणिकपणे (आणि थोड्या दुष्ट आनंदाने) सांगते. त्यांच्या मागावर धोटा स्वतः धावायचा, मिनिटाला शंभर-सव्वाशे वेळा; मामांचं काम त्याच्यावर लक्ष ठेवायचं, कांडी बदलायची, तुटलेला धागा जोडायचा. हाताने धागा सारायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. माझा धोटा म्हणजे लाकडी पट्टी. ती त्यांनी दोनदा पाडली. मग वीसेक ओळींनंतर लय लागली. बोलणं बंद. खोलीत फक्त चौकटीचा ठक, ठक. अर्ध्या तासाने मी मोजलं, वीतभर कापड झालं होतं. नखाने मोजायला मला येत नाही, म्हणून पट्टी लावली. दहा. दहा. दहा. शेवटपर्यंत दहा.

‘‘लई शांत हाय गं ह्ये,’’ मामा म्हणाले. मागाबद्दल म्हणाले की कशाबद्दल, मी विचारलं नाही.

मग मी तो प्रश्न विचारला, जो विचारायला नको होता. ‘‘मामा, याची मजुरी किती झाली असती हो?’’

त्यांनी हिशोब केला. अख्ख्या स्कार्फला साधारण सातशे आडवे धागे. त्यांच्या एका मागाला ते सहा मिनिटांचंही काम नाही. ‘‘माझ्या येळच्या दरानं,’’ ते म्हणाले, ‘‘रुपया बी झाला नसता.’’ आणि मोठ्याने हसले. मी हसले नाही. मला त्या स्कार्फला ताणा लावण्यापासून दशा पिळेपर्यंत सहा तास लागले होते. सहा तास विरुद्ध सहा मिनिटं. आणि त्या सहा मिनिटांचेही त्यांना रुपया नाही. मी थेरपी म्हणून जे करते ते त्यांनी बत्तीस वर्षं रात्र-रात्र उभं राहून केलं, आणि त्यांचे जुने माग शेवटी मालकाने भंगारात काढले. नव्या मागांना धोटाच नसतो. काहींत तर धागा हवेच्या झोताने जातो.

घोंगडीची गोष्ट राहिलीच. ती सांगायलाच हवी, कारण तिथे मी पुरती तोंडावर आपटले.

झालं असं, की मोज्यांची लोकर बाहेरची आणि महाग. एका लडीला दोन हजारांच्या आसपास जातात. मला वाटलं, आपल्या भागात धनगर आहेत, मेंढ्या आहेत, मग स्वदेशी स्कार्फ का नको? त्या आधीच्या ऑक्टोबरात मी पट्टणकोडोलीच्या यात्रेला गेले होते. (आमची कोडोली वेगळी, पन्हाळा तालुक्यातली. ती हातकणंगल्यातली, विठ्ठल-बिरदेवाची.) भंडाऱ्याने सगळा आसमंत पिवळाजर्द, ढोल, भाकणूक, आणि वाटेवर घोंगड्यांची दुकानं. एका आजोबांकडून हाताने कातलेल्या काळ्या लोकरीची गुंडी घेतली आणि पुण्याला येऊन ताणा लावला.

चाळीस ओळींत अकरा धागे तुटले. त्याहून वाईट म्हणजे उरलेले एकमेकांना चिकटले. दख्खनी मेंढीची लोकर राठ, केसाळ. चौकट घासली की धाग्यांवरचे केस उभे राहतात आणि शेजारच्या धाग्यात अडकतात; वर-खाली फट पडतच नाही. मी कंटाळून तो ताणा कापून टाकला होता आणि दोष लोकरीला दिला होता.

दिवाळीत हे मामांना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. ‘‘खळ लावलीवती का?’’

कसली खळ? तर घोंगडीचा उभा धागा मागावर चढवण्याआधी त्याला चिंचोक्यांची खळ लावतात. चिंचोके भाजून, सालं काढून, दळून, शिजवून केलेली पेज. तिने केस खाली बसतात, धागा ताठ होतो. विणून झाल्यावर धुतली की निघून जाते. इचलकरंजीत सायझिंगचे कारखाने आहेत ते तरी दुसरं काय करतात? बीमवर जाण्याआधी सुताला खळच लावतात. म्हणजे खड्ड्यात पाय सोडून बसणारा सनगर आणि शेडमधला यंत्रमाग, दोघांचा नियम एकच. फक्त मला तो कधी लागला नव्हता, कारण माझ्या मोज्यांच्या लोकरीत घट्ट पीळ आणि नायलॉन आधीच घालून आलेलं होतं. खळ काय असते हे कळूच नये अशीच ती लोकर बनवलेली आहे!

आईने चिंचोके काढून दिले. (कोल्हापुरी घरात नसतील तरच नवल.) मामांनी पेज केली, मी बिघडवली, त्यांनी परत केली. अंगणात दोन खुर्च्यांमध्ये ताणा ताणून, कापडाच्या बोळ्याने ती लावली आणि उन्हात वाळवली. त्या दिवशी एकही धागा तुटला नाही. एकही! अडीच फूट कापड झालं. गळ्यात घालून पाहिलं आणि दहा मिनिटांत मान लाल. ती लोकर गळ्यासाठी नाहीच. ती जमिनीवर अंथरायला आणि पावसात डोक्यावरून घ्यायला आहे. तो तुकडा आता मामांच्या खुर्चीवर आहे. आणि लोकरीला भाव नाही म्हणून बऱ्याच ठिकाणी मेंढ्या कातरून ती चक्क टाकून देतात, हे ऐकल्यापासून मला त्या गुंडीची किंमत वेगळीच वाटायला लागलीय. आजोबांनी तिचे माझ्याकडून फारच थोडे घेतले होते. मी तेव्हा खूश झाले होते.

तर, कॅन्टीन. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने परत विचारलं, ‘‘मग? पाचशे?’’

मी म्हटलं, ‘‘लोकर दोन हजारांची. वर सहा तास. तासाचा रेट कुणाचा लावू सांग. तुझा, माझा की मामांचा?’’

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, ‘‘एवढा विचार नको करूस गं, मी ऑनलाइन बघते.’’ बघू दे बापडी. तीनशेपासून मिळतात, आणि सगळे काठोकाठ सरळ. पण जाताना तिने माझ्या स्कार्फवर एका जागी बोट ठेवलं. ‘‘इथला भाग किती नीट आलाय नाही? बाकीचा... म्हणजे छानच आहे हं!’’ ती जागा वीतभर लांबीची आहे.

माग मी पुण्याला परत आणलेला नाही. दिवाळीनंतर न्यायचा म्हणून बांधून ठेवला होता, तर आईचा फोन आला की मामांनी तो सोडला आणि आता रोज अकरा वाजता येऊन बसतात, चहासुद्धा तिथेच. मोज्यांच्या लोकरीच्या उरलेल्या साठ-साठ मीटरच्या गुंड्या त्यांनी एकाला एक जोडल्यात. गाठ दिसत नाही म्हणे.

परवा मामांनी स्वतः फोन केला. नेहमीप्रमाणे ओरडून. ‘‘ही फणी लई जाड हाय. धाच्या पुढं न्हाई जाईत. बारीक मिळती का?’’

मिळते. इंचाला साडेबारा धाग्यांची मिळते आणि पंधराचीही. मी दोन्ही मागवल्या, पत्ता वारणानगरचा दिला. आज सकाळपासून त्यांचे तीन मिस्ड कॉल आहेत. पार्सल अजून पोचलेलं नाही.